रडक्या मडक्यातली सरकी

दारात आलेल्या माणसाच्या चपला उलट्या करून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पाहुणा आत चहा पीत असायचा आणि हे गृहस्थ बाहेर पायरीवर उकिडवे बसून त्याच्या टाचांची झीज तपासायचे. डावी टाच जास्त झिजली असेल तर माणूस हट्टी, उजवी झिजली असेल तर उधळ्या. दोन्ही सारख्या असतील तर, माझ्या मते, चपला नवीन. त्यांच्या मते माणूस काहीतरी लपवतो.

वर्ध्यात ते आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहायचे. सैन्यात कॅप्टन होते. नोकरीची शेवटची काही वर्षं अधिकारी निवडणाऱ्या मंडळात गेली, तिथे मानसशास्त्राची चव लागली. पत्रद्वारे पदवी घेतली, निवृत्त झाले आणि दारावर पाटी लावली: 'औद्योगिक मानसतज्ज्ञ'. गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, वेड्यांचा डॉक्टर आला. एका बाईनं तर रात्री झोप न येणाऱ्या नवऱ्याला नेऊन समोर बसवलं. कॅप्टननी त्याला विचारलं, "तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत?" तो म्हणाला, "हाताखाली कोनी नाई, साहेब, म्हून तं झोप येत नाई." कॅप्टननी हे वाक्य पुढे कितीतरी भाषणांत वापरलं. त्या माणसाला झोप लागली की नाही, याची चौकशी केल्याचं मला आठवत नाही.

आमच्याकडे सैन्यातून परतलेल्या कुणालाही मेजर म्हणायची रीत आहे. शिपाई असला तरी गावात मेजरच. कॅप्टन मात्र प्रत्येक वेळी थांबून सांगायचे, "मेजर नाही. कॅप्टन." स्वतःचा हुद्दा स्वतःच खाली आणणारा तो एकच मेजर. या एका बाबतीत ते कधी खोटं बोलले नाहीत, हे नोंदवून ठेवते, कारण पुढे चांगलं लिहिण्यासारखं फार नाही. तोंडावर मी त्यांना साहेब म्हणायची आणि इथेही अहोजाहोच करते आहे. तो मान वयाचा. अकलेचा समजू नये.

लग्नाला गेले की भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचे. आचारी कसा वाढतो ते बघून मुलीकडची माणसं कशी निघतील ते सांगायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "माणूस खोटं बोलतो, हात खोटं बोलत नाही." हे वाक्य बोलताना स्वतःचा हात वर करायचे, वाहतूक पोलिसासारखा. उजव्या पायानं किंचित लंगडायचे. कशानं, असं विचारलं तर "घसरलो" एवढंच. ज्या एका विषयावर त्यांनी भाषण केलं असतं तर मी बसून ऐकलं असतं, त्या विषयावर हा माणूस गप्प. बाकी सगळ्यावर बोलायचे.

त्यांना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. बहीण नाचणगावला, तिचा मुलगा अधूनमधून येऊन जायचा. माझ्या सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी फर्मान काढलं, "एकटा मानूस हाय, देसासाठी राह्यला तिकडं थंडीत. सनावाराले डबा धाडत जा त्याले, सूनबाई." तेव्हापासून पुरणपोळी असो, पाटवडीचा रस्सा असो, एक डबा तिकडे जायचा. आणि एक गोष्ट मान्य करायला हवी. तो डबा कधी रिकामा परत आला नाही. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवत नाहीत, काहीतरी घालूनच देतात. ते ही रीत काटेकोर पाळायचे. कधी गुळाचा खडा, कधी दोन लिंबं, कधी पेरू. एकदा घरात काहीच नव्हतं तर बॅटरीचे दोन सेल घालून पाठवले. सासूबाईंनी ते देवाच्या फळीवर ठेवले. मी उचलून भिंतीवरच्या घड्याळात घातले, चांगले वर्षभर चालले.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मी देवळी रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये नोकरीला लागले ती लग्नानंतर लगेच. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी, म्हणजे त्याचं बी, वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. हजेरी, पगार, माणसं, गाड्यांची रांग, भांडणं, सगळं माझ्याकडे. वर नावाला एक म्हातारे दिवाणजी मॅनेजर होते. ते हंगाम संपला की निवृत्त होणार होते आणि ती खुर्ची मला मिळणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मीही. वीस वर्षं दुसऱ्याच्या सहीसाठी कागद तयार केल्यावर आपली सही करावीशी वाटते, यात काही पाप नाही.

पण जिनिंगचे मालक असलेल्या शेठजींची मुलगी पुण्याहून व्यवस्थापन शिकून आली होती. ती म्हणाली, नेमणूक शास्त्रीय पद्धतीनं व्हायला पाहिजे. शास्त्र शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ते आमच्या गल्लीत चपला तपासत बसलं होतं.

कॅप्टन जिनिंगमध्ये आले ते पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. कापसाच्या आवारात पांढरे बूट. पहिल्या आठवड्यात त्यांनी वजनकाट्यावरच्या जागेसाठी आलेल्या उमेदवारांची परीक्षा घेतली. मैदानात चुन्याच्या दोन रेघा मारल्या आणि सांगितलं, ही नदी आहे, पाण्यात आम्ल आहे, पाय पडला की मेलात. दोन फळ्या, एक दोर आणि एक रिकामा ड्रम घेऊन पलीकडे जा. कारंजा घाडगेचा एक उमेदवार आला होता. पंधरा वर्षं ट्रक चालवून कंबर गेलेला, मिशा पिकलेल्या. त्यानं फळ्यांकडे पाहिलं, रेघांकडे पाहिलं, रेघ जिथे संपत होती तिथून वळसा घातला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला.

"नापास," कॅप्टन म्हणाले. "नदीला वळसा घालता येत नाही."

"काऊन नाई? आमी जिंदगीभर हेच केलं, साहेब," तो म्हणाला. "पूल खचला का दहा कोस फिरून जाव लागते. फळी टाकून ट्रक नेला असता तं आज तुमाले दिसलो नसतो."

कॅप्टननी त्याच्या नावापुढे लिहिलं, 'अडचणींना सामोरा जात नाही.' मी त्याला काट्यावर ठेवून घेतलं. अजून आहे.

मग चित्रांची परीक्षा झाली. धूसर चित्र दाखवायचं, त्यावर गोष्ट सांगायची. चित्रात एक बाई खिडकीशी उभी. ढिगातला कचरा आणि किडका कापूस वेचणाऱ्या आमच्या बायांना कॅप्टननी एकेक करून विचारलं. गुंफाबाई म्हणजे त्या बायांची पुढारीण. साठीला टेकलेली, कुंकवाचा मोठा टिळा, आवाज भोंग्यासारखा. ती चित्र लांब धरून म्हणाली, "हिचं सिलिंडर संपलं."

"आणि पुढे काय होतं?"

"पुढं काय होईन? शेजारनीकडं जाईन अन् चूल पेटवाले लाकडं आनन. तुमी देता काय?"

त्यावर कॅप्टननी दोन पानं लिहिली. ती मी वाचली आहेत. त्यात सिलिंडर म्हणजे सुरक्षिततेचं प्रतीक होतं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग त्यांनी मडकी आणली.

तीन लहान मडकी, बाजारातून आणलेली. चुन्यानं त्यांच्यावर तोंडं काढलेली: एक हसरं, एक गप्प, एक रडकं. ती वेचणीच्या शेडच्या दारात ओळीनं मांडली आणि शेजारी घमेल्यात सरकी ठेवली. बायांनी सकाळी आत येताना एक सरकी उचलायची आणि आज मन जसं असेल त्या मडक्यात टाकायची. नाव लिहायचं नाही, बोलायचं नाही. संध्याकाळी कॅप्टन मडकी मोजणार आणि त्यावरून कळणार की माझ्या हाताखालच्या बाया सुखी आहेत की नाहीत. "जो माणसं सुखी ठेवू शकतो, तोच त्यांना चालवू शकतो," असं त्यांनी शेठजींना समजावलं. मग माझ्याकडे वळले, "आणि मॅडम, माणूस खोटं बोलतो, पण..." त्यांचा हात वर जायच्या आत मी कामाला निघून गेले.

हंगाम ऐन भरात होता. बाहेर गाड्यांची रांग लागली होती, आत सरकी काढायची दोन यंत्रं, आमचे रेचे, बंद पडली होती. मडक्यांकडे बघायला मला सवड नव्हती. हीच माझी चूक म्हणा हवं तर. पण तीन मडक्यांवर माझी खुर्ची लटकली आहे, हे माझ्या ध्यानात यायला पंधरवडा गेला. शेठजींनी मला वर बोलावलं. मुलगी होती, कॅप्टन होते, भिंतीवर रंगीत तक्ता होता. शेठजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, काम तो आपका अच्छा है. लेकिन बाया बहुत दुखी हैं."

रडकं मडकं रोज भरून वाहत होतं. हसऱ्यात तळाला थोडी, गप्प मडक्यात थोडी आणि रडक्यात रास. बाया जितक्या कामावर होत्या, त्याहून दुःखं जास्त निघाली होती. एखाद्याला इथे शंका आली असती. कॅप्टननी त्याला 'तीव्रता' असं नाव दिलं. एकेका बाईचं दुःख एका सरकीत मावत नाही, म्हणून ती जास्त टाकते. कारण काय, तर माझी जीभ. 'स्वभाव हुकमी, बोलणं कोरडं, कामगारांत दबलेली वेदना.' शिफारस अशी, की मला आहे त्याच जागी ठेवावं आणि वरती नागपूरहून माणूस आणावा.

माझी जीभ कोरडी आहे, ते मला माहीत आहे. पण त्याच बाया माझ्याशी रोज भांडतात, माझ्या मुलाच्या बारावीच्या निकालाला त्यांनी आवारात पेढे वाटले आणि सुट्टी हवी तेव्हा माझ्या तोंडावर खोटं बोलतात. दबलेली माणसं इतकं मोकळेपणी खोटं बोलत नाहीत. मी खाली उतरले आणि सरळ शेडमध्ये गेले.

"गुंफाबाई, त्या रडक्या मडक्यात कोण टाकते वो एवढी सरकी?"

"आमी सारेच टाकतो."

"काऊन? एवढं काय दुःख आहे तुम्हाला?"

गुंफाबाईनं हातातला कापूस खाली ठेवला. "दुःख? कायचं दुःख, बाई? ते मडकं रिकामं राह्यते ना. पह्यल्या दिवशी साऱ्याइनं बाकीच्या दोनीत टाकलं. मी पाह्यलं, हे बिचारं तसंच. सकाळी सकाळी दारात रिकामं मडकं बरं दिसते काय? कामावर याव अन् समोर रिकामं भांडं! म्या म्हटलं, त्याच्यात टाकत जा वं पोरीहो."

"पण साहेबांनी एकच सरकी टाकायला सांगितली होती."

"एक दाना?" ती खरोखर दुखावली गेली. "भांड्यात एक दाना कोनी घालते काय? भिकाऱ्याले तरी मूठभर देतो आपन. हात काऊन आखडता घ्याचा? सरकी का आपल्या बापाची हाय?"

मागून रंजना नावाची तरुण पोरगी म्हणाली, "अन् बाई, ते तोंड पाहूनच जीव कसानुसा होते. लेकराले उपाशी ठेवल्यावानी."

अशा रीतीनं पंधरा दिवस आमच्या बाया एका मडक्याला जेवू घालत होत्या आणि त्याची किंमत माझ्या खुर्चीतून वसूल होत होती.

संध्याकाळी मी कॅप्टनच्या घरी गेले. त्यांनी नेमका संक्रांतीच्या डब्याचा विषय काढला, तीळ-गूळ छान होता वगैरे. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही माझा डबा कधी रिकामा परत केलात काय?"

"कधीच नाही. शिस्त आहे ती."

"का घालता काहीतरी?"

"का म्हणजे? रिकामं भांडं पाठवायचं नसतं. माझी आई..." आणि ते थांबले. निदान थांबले, एवढं खरं. मी गुंफाबाईचं सगळं बोलणं सांगितलं. त्यांनी पायातल्या पांढऱ्या बुटांवरची धूळ झटकली. मग म्हणाले, "मॅडम, हा अपवाद आहे. अपवादानं सिद्धांत बदलत नाही."

नाचणगावात जन्मलेला, आईनं वाढवलेला, दर सणाला माझ्या डब्यात गूळ घालणारा हा माणूस. त्याच्या स्वतःच्या हाताला जे ठाऊक होतं ते त्याच्या पदवीला ठाऊक नव्हतं. आणि दोघांत भांडण लागलं तेव्हा त्यानं पदवीची बाजू घेतली. मी पाणीसुद्धा न पिता उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठजींना आणि त्यांच्या मुलीला शेडच्या दाराशी आणून उभं केलं. कॅप्टनही आले. बाया यायच्या आधी मी तिन्ही मडक्यांत आपल्या हातानं मूठमूठ सरकी घातली. कुठलंच रिकामं नाही, म्हणजे कुणाची कीव यायला नको. गप्प तोंडाचं मडकं घमेल्याला लागून ठेवलं, बाकीची जरा लांब.

बाया आल्या. रात्रीच्या लग्नाच्या गप्पा चालल्या होत्या, कुणाच्या मांडवात भाजी खारट झाली होती. बोलता बोलता हात घमेल्यात जायचा आणि सरकी घमेल्याशेजारच्या मडक्यात पडायची. एकीनंही तोंड कुठलं आहे ते पाहिलं नाही. मधेच मी रडकं मडकं उचलून घमेल्याजवळ आणलं आणि गप्प मडकं लांब सारलं. लगेच सगळं दुःख पुन्हा सुरू झालं.

शेठजी कापसाचे व्यापारी. त्यांना एवढं पुरलं. "कॅप्टनसाब," ते म्हणाले, "ये तो मटका कहाँ रखा, उसका हिसाब निकला. दुख का नहीं."

गुंफाबाईनं जाता जाता विचारलं, "काय झालं वो बाई? मडक्याइले पाहाले एवढे लोक?"

"काही नाही. साहेबांचं मडकं फुटलं."

"कुठं? तिनी तं साबूत हायेत," ती म्हणाली आणि आत गेली.

कुणीही साधा माणूस इथे 'चुकलं' म्हणाला असता आणि प्रकरण मिटलं असतं. कॅप्टननी छाती पुढे काढली आणि शेठजींच्या मुलीकडे वळून म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. परीक्षा बायांची नव्हतीच. मॅडमची होती. विरोधी अहवाल समोर आला की माणूस खचतो, की मुळाशी जातो, ते मला बघायचं होतं. मॅडम मुळाशी गेल्या. नेमणूक करा."

मुलगी भारावून वहीत लिहून घेत होती. शेठजी हसले. मी मॅनेजर झाले.

पण खुर्ची मिळाल्याचा आनंद त्या वाक्यानं अर्धा खाल्ला. नापास केलं असतं तर मी लढून ती खुर्ची घेतली असती. त्यांनी मला पास करून टाकलं. पुढची कितीतरी वर्षं ते कॉलेजांत, व्यापाऱ्यांच्या मेळाव्यांत ही मडक्यांची गोष्ट सांगत फिरले. त्यांच्या गोष्टीत ते सुरुवातीपासून सगळं ओळखून होते. मी सभागृहात असले तर मला उभं करायचे: "ही माझी निवड." लोक टाळ्या वाजवायचे. मी उभी राहायची आणि पुन्हा बसायची. भर सभेत म्हाताऱ्या माणसाचं पितळ उघडं करणं मला जमलं नाही. जमायला हवं होतं. जिनिंगमध्ये मात्र बाया त्यांना 'मडकेवाले साहेब' म्हणायच्या आणि ते त्यांना कौतुक वाटायचं.

डबा मी बंद केला नाही. सासूबाई गेल्यावर बंद करता आला असता. पण रीत ही रीत आहे, कुणाच्या लायकीवर ती ठरत नाही. डबे जात राहिले, लिंबं आणि पेरू येत राहिले. आमच्यात मडक्यांचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांना दवाखान्यात हलवलं. पोळ्याच्या दिवशी मी पुरणपोळीचा डबा पाठवला. त्यांनी अर्धी पोळी खाल्ली म्हणे. त्यानंतर आठवड्याच्या आत ते गेले. तेरावं झाल्यावर त्यांचा भाचा नाचणगावहून डबा परत द्यायला आला. चाळिशीचा, साधा शेतकरी माणूस. दारात उभा राहूनच त्यानं डबा पुढे केला.

"ताई, मामानं जाच्या आधीच भरून ठेवला होता. म्हने, तिलेच देजो, अन् मधात उघडजो नोको."

मी उघडला. आत सरकी होती.

"हे कुठून आणलं?"

"मलेच धाडलं होतं पेंडवाल्याकडं. म्या म्हटलं, मामा, सरकी कोनी देते काय? गूळ आनतो. तं आयकलंच नाई. उठून बसता येत नव्हतं, तरी आपल्या हातानं भरली." तो जरा अडखळला. "काई भानगड होती काय, ताई?"

"नाही. चहा घेता?"

त्यानं चहा घेतला. मी त्याच्या चपला पाहिल्या नाहीत.

तो गेल्यावर मी सरकी ताटात ओतली. एक दाणा नव्हता, चांगली मूठभर होती. हात आखडता घेतला नव्हता. ते तोंडानं बोलायला गेले असते तर पुन्हा 'हीसुद्धा तुमची परीक्षाच होती' असं म्हणाले असते, हे त्यांनाही माहीत असावं. म्हणून बोलले नाहीत.

सरकी शेजारच्या म्हशीला घातली. डबा घासून फळीवर ठेवला.